रेगेन्सबुर्गची ओळख अर्धवट नको

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जर्मनीतील नदीकाठच्या शहरांविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात डॅन्यूबकाठच्या रेगेन्सबुर्गच्या वाट्याला जेमतेम दोन परिच्छेद आले आहेत. जुना दगडी पूल, कॅथीड्रलचे दोन मनोरे आणि अरुंद गल्ल्या यांचे वर्णन वाचनीय आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती दोन विधानांबद्दल. ‘या शहराला महायुद्धाची झळ लागली नाही’ हे एक, आणि येथे भरणाऱ्या साम्राज्यसभेने (म्हणजे पवित्र रोमन साम्राज्य या जुन्या जर्मन साम्राज्यातील संस्थाने आणि नगरे यांच्या प्रतिनिधींच्या सभेने) ‘दीडशे वर्षे केवळ चर्चेचे गुऱ्हाळ चालवले’ हे दुसरे. पहिले विधान वस्तुस्थितीला धरून नाही, एवढे सांगून भागते आणि ते मी पुढे सांगणारच आहे. दुसऱ्या विधानाचे तसे नाही. ते इतक्यांनी इतक्या वेळा केले आहे की त्याला आता निर्विवाद सत्याचा दर्जा मिळाला आहे, आणि त्यामुळेच त्याचा थोडा सविस्तर परामर्श घ्यावा असे वाटते. पत्र लांबले आहे, तरी शक्य झाल्यास ते काटछाट न करता छापावे, ही विनंती.

सुमारे दीड लाख वस्तीचे हे शहर डॅन्यूब नदी आपल्या प्रवाहात उत्तरेकडे जेथे सर्वांत दूरवर पोहोचते, त्या वळणावर वसलेले आहे. नाब आणि रेगेन या दोन नद्या येथेच डॅन्यूबला येऊन मिळतात. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस याच्या कारकिर्दीत, इसवी सन 179 मध्ये, तिसऱ्या इटालिक लिजनची (रोमन सैन्याच्या एका मोठ्या तुकडीची) छावणी येथे दगडी तटबंदीसह उभी राहिली. तिच्या उभारणीचा शिलालेख आजही शहराच्या संग्रहालयात आहे, आणि छावणीच्या उत्तर दरवाजाचा काही भाग बिशपच्या जुन्या वास्तूच्या भिंतीत दडलेला होता, तो 1885 मध्ये उजेडात आला. साम्राज्याच्या सरहद्दीवरचे ठाणे म्हणून सुरुवात झालेल्या या जागेचे महत्त्व पुढच्या काळात मात्र सरहद्द म्हणून राहिले नाही. दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून येणारा माल आणि पूर्वेकडे नदीने जाणारा माल यांची गाठ येथे पडू लागली, आणि सरहद्दीचे ठाणे भेटीचे ठिकाण बनले.

या भेटीगाठींना पक्के रूप दिले ते पुलाने. 1135 मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि 1146 मध्ये ते पूर्ण झाले. मुळात सोळा कमानींचा, 300 मीटरांहून अधिक लांब असा हा पूल उभारणाऱ्यांपुढे बांधकामाचे ताजे नमुने जवळपास नव्हतेच. प्रागमधला ज्युडिथ पूल पुढे याच धर्तीवर बांधला गेला. पाण्यात रोवलेल्या खांबांचा पाया वाहून जाऊ नये म्हणून प्रत्येक खांबाभोवती दगडमातीची बेटे रचलेली आहेत. त्यांच्यामुळे नदीचे पात्र आवळले जाते, पाणी कमानींखालून वेगाने सुटते आणि खालच्या अंगाला भोवरे पडतात. नावाड्यांच्या पाचवीला पुजलेली ही अडचण व्यापाऱ्यांना मात्र सोयीची होती, कारण ज्याला नदीतून जाणे अवघड त्याला शहरात थांबणे भाग पडे. 1147 मध्ये तिसरा कॉनराड आणि 1189 मध्ये फ्रेडरिक बार्बारोसा हे दोघेही आपापल्या धर्मयुद्धाच्या मोहिमेसाठी येथूनच निघाले. 1245 मध्ये सम्राट दुसरा फ्रेडरिक याने नगराला स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याचा अधिकार दिला आणि रेगेन्सबुर्ग हे कोणत्याही ड्यूकला न जुमानणारे, थेट सम्राटाच्या अखत्यारीतले मुक्त नगर झाले.

या वैभवाच्या काळात शहरात एक समाज असा होता की ज्याच्याविषयी आपल्या लेखात चकार शब्द नाही. रेगेन्सबुर्गमधील ज्यू वस्तीचा उल्लेख 981 पासून मिळतो, आणि आजच्या बव्हेरियात इतका जुना उल्लेख दुसऱ्या कोणत्याही ज्यू वस्तीचा नाही. धर्मचिंतक रब्बी यहुदा हे-हासिद आयुष्याच्या अखेरच्या काळात येथेच राहिले आणि 1217 मध्ये येथेच वारले. ज्यूंना नगरात राहण्याचा जो काही हक्क होता तो नगराने दिलेला नव्हता, तर सम्राटाच्या संरक्षणातून आलेला होता, आणि त्या संरक्षणासाठी त्यांच्याकडून वेळोवेळी कर वसूल होत असे. पंधराव्या शतकात व्यापार न्यूर्नबर्ग आणि आउग्सबुर्गकडे वळला, रेगेन्सबुर्ग कर्जात बुडाले, आणि दिवाळखोरीचा राग काढायला जवळचे माणूस लागते, तसे ते सापडले. कॅथीड्रलमधील प्रवचनकार बाल्थाझार हुबमायर याने व्यासपीठावरून ज्यूंविरुद्ध रान उठवले. तरीही सम्राट मॅक्सिमिलियन जिवंत असेपर्यंत नगरसभेचे हात बांधलेले होते. 12 जानेवारी 1519 रोजी मॅक्सिमिलियन वारला. नवा सम्राट अजून निवडला जायचा होता, आणि त्या मोकळ्या काळाचा फायदा घेऊन फेब्रुवारी महिन्यात नगरसभेने ज्यूंना काही दिवसांत शहर सोडून जाण्याचा हुकूम काढला. पाचशेच्या आसपास माणसे ऐन हिवाळ्यात बाहेर काढली गेली, सिनेगॉग म्हणजे त्यांचे प्रार्थनागृह पाडले गेले आणि दफनभूमी उद्ध्वस्त करण्यात आली. तेथील कबरींचे दगड बांधकामाला वापरले गेले, आणि हिब्रू अक्षरे कोरलेले काही दगड विजयचिन्हांसारखे घरांच्या दर्शनी भिंतींत बसवण्यात आले. त्यांतले काही आजही दिसतात.

चित्रकार आल्ब्रेख्ट आल्टडॉर्फर हा त्या वेळी नगरसभेचा सदस्य होता. हुकूम कळवायला गेलेल्यांत तो होता, आणि पाडापाडीपूर्वी सिनेगॉगच्या देवडीची आणि आतल्या दालनाची दोन कोरीव चित्रेही त्यानेच केली. आज त्या वास्तूचे रूप आपल्याला ठाऊक आहे ते या चित्रांमुळे. पाडणाऱ्यांपैकीच एकाने केलेली ही नोंद पाहताना कलेविषयी बोलावे की माणसाविषयी, हे मला तरी ठरवता आलेले नाही. हुबमायरचे पुढे काय झाले तेही सांगण्यासारखे आहे. तो स्वतः पुनर्बाप्तिस्मा मानणाऱ्या पंथात गेला आणि 1528 मध्ये पाखंडी ठरवून व्हिएन्नात जाळला गेला. सिनेगॉगच्या जागी यात्रेकरूंसाठी मारियाचे देवालय उभे राहिले, नंतर तेथे चर्च झाले आणि तेच शहरातील पहिले प्रॉटेस्टंट चर्च ठरले. 1995 ते 1998 या काळात त्या चौकात उत्खनन झाले, तेव्हा ज्यू घरांची तळघरे आणि 624 सोन्याची नाणी सापडली. शिल्पकार दानी काराव्हान यांनी 2005 मध्ये सिनेगॉगच्या पायाचा आराखडा पांढऱ्या दगडात तेथेच साकारला.

1519 ची ही हकीकत मी मुद्दाम आधी सांगितली, कारण साम्राज्यसभेचे मोल कळायला ती आवश्यक आहे. ज्याचे रक्षण एका माणसाच्या मर्जीवर किंवा हयातीवर अवलंबून असते, त्याचे काय होते हे तिच्यात दिसते. सभेत ज्याला आसन होते आणि कामकाजाच्या नियमांत ज्याचे नाव होते, त्याची स्थिती वेगळी होती.

1542 मध्ये नगरसभेने लूथरचा पंथ स्वीकारला. परंतु नगराच्या तटबंदीच्या आतच कॅथलिक बिशप होता आणि सांक्ट एमेराम, ओबरम्युन्स्टर व नीडरम्युन्स्टर हे तीन मठही होते. हे चौघेही नगराप्रमाणेच थेट सम्राटाच्या अखत्यारीतले होते. म्हणजे एका तटात पाच स्वतंत्र सत्ता नांदत होत्या, त्यांतली एक प्रॉटेस्टंट आणि चार कॅथलिक. नागरिकत्व पुढे केवळ प्रॉटेस्टंटांना मिळू लागले, पण शहराच्या मध्यावर उभे असलेले कॅथीड्रल बिशपचेच राहिले. कोणाची मिरवणूक कोणत्या रस्त्याने जावी आणि कोणाचा नोकर कोणत्या न्यायालयापुढे उभा राहावा, यावरून कुरबुरी सतत चालत. या दोन पंथांचा समेट घडवण्याचा मोठा प्रयत्नही येथेच झाला. 1541 मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स याच्या पुढाकाराने प्रॉटेस्टंटांकडून मेलांख्थोन व बुत्सर आणि कॅथलिकांकडून योहान एक् व पोपचे दूत कार्डिनल कोंतारिनी यांच्यासारखे विद्वान एकत्र बसले. मनुष्य कशाने नीतिमान ठरतो या कळीच्या प्रश्नावर त्यांचा मसुदा जुळलासुद्धा, पण प्रभुभोजनाच्या प्रश्नावर बोलणी फिसकटली, आणि जो मसुदा जुळला होता तो ना रोमला पटला ना लूथरला. (हाच चार्ल्स 1546 मध्ये पुन्हा आला तेव्हा येथील बार्बरा ब्लोमबेर्ग हिच्याशी त्याचे सूत जमले. 1547 मध्ये जन्मलेला त्यांचा मुलगा डॉन हुआन पुढे लेपांटोच्या आरमारी लढाईचा सेनानी झाला. विषयांतराबद्दल क्षमस्व.)

आता साम्राज्यसभेविषयी. पवित्र रोमन साम्राज्याच्या सभा पूर्वी वेगवेगळ्या शहरांत भरत. 1594 पासून त्या रेगेन्सबुर्गलाच भरू लागल्या. 1663 मध्ये तुर्कांच्या स्वारीचे संकट उभे राहिले म्हणून सम्राट पहिला लिओपोल्ड याने जी सभा बोलावली ती विसर्जित झालीच नाही. साथीच्या किंवा राजकीय उलथापालथीच्या काळात ती थोडा काळ आउग्सबुर्ग आणि फ्रांकफुर्ट येथे हलली, एवढे अपवाद सोडले तर 1806 पर्यंत, म्हणजे 143 वर्षे, ती याच शहरात चालू राहिली. राजे स्वतः येत नसत, त्यांचे वकील कायमचे मुक्कामाला असत. सम्राटाच्या वतीने एक मुख्य प्रतिनिधी असे, आणि 1748 पासून हे पद टपालाच्या कंत्राटातून गब्बर झालेल्या थुर्न उंड टाक्सिस घराण्याकडे राहिले. निर्वाचक (म्हणजे सम्राटाची निवड करणाऱ्या) राजांचा एक गट, इतर राजेरजवाड्यांचा दुसरा आणि मुक्त नगरांचा तिसरा, असे सभेचे तीन भाग होते. प्रत्येक भाग आपापल्या दालनात वेगळा विचार करी, मग त्यांचे एकमत जुळवले जाई आणि शेवटी सम्राटाच्या संमतीने त्याला कायद्याचे रूप येई. सूत्रसंचालन माइन्त्सच्या आर्चबिशपच्या कचेरीकडे असे. सभेपुढे आलेला कागद त्या कचेरीचा लेखनिक मोठ्याने वाचून सांगे आणि निरनिराळ्या वकिलातींचे चिटणीस तो शब्दन् शब्द उतरवून घेत. अशा रीतीने तो ‘प्रसिद्ध’ झाला असे मानले जाई. काम संथ होते यात शंका नाही, पण बव्हेरियाच्या चिटणिसाच्या आणि एखाद्या चिमुकल्या नगराच्या चिटणिसाच्या हाती एकाच दिवशी एकच मजकूर पडत असे.

मानपानाचे खटले तर विचारूच नका. कोणाची खुर्ची गालिच्यावर आणि कोणाची गालिच्याबाहेर, कोणी कोणाच्या भेटीला आधी जायचे, यावर महिने खर्ची पडत. जुन्या टाउन हॉलमधील सभागृह आजही पाहता येते. 1360 च्या सुमारास नृत्यगृह म्हणून बांधलेल्या त्या दालनात सम्राटाचे आसन सर्वांत उंच पायऱ्यांवर आणि बाकीची त्याखाली दर्जाप्रमाणे उतरत गेलेली आहेत. आपल्या लेखकाने गुऱ्हाळ म्हटले ते यासाठीच असणार, आणि भिजत घोंगड्यांची यादी करायची म्हटली तर मीही त्यांना मदत करू शकेन. परंतु 1648 च्या वेस्टफालियाच्या तहाने या सभेला जो एक नियम घालून दिला होता, तो लेखातून सुटला आहे. धर्माशी संबंध असलेल्या कोणत्याही प्रश्नावर बहुमत चालायचे नाही. तसा प्रश्न निघाला की सभा कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन अंगांत विभागायची, दोन्ही अंगांनी आपापसांत वाटाघाटी करायच्या आणि दोघांना मान्य होईल तेवढेच पुढे न्यायचे. तीस वर्षांच्या युद्धात मध्य युरोप बेचिराख होताना ज्यांनी पाहिला होता, त्यांनी हा नियम केला होता. मतमोजणीत हरलेला पक्ष शस्त्र उचलतो हे त्यांना पुस्तकात वाचावे लागले नव्हते. निर्णय रेंगाळला तरी चालेल, पण हरलेला पक्ष उरता कामा नये, असा हा हिशेब होता.

हा हिशेब प्रत्यक्षात कसा चाले, याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण दिनदर्शिकेचे आहे. 1582 मध्ये पोप तेरावा ग्रेगरी याने दिनदर्शिका दुरुस्त केली. कॅथलिक संस्थानांनी ती उचलली, प्रॉटेस्टंट संस्थानांनी ‘पोपची’ म्हणून नाकारली, आणि त्यामुळे जर्मनीत शेजारच्या दोन गावांत दहा दिवसांचे अंतर पडले. बाजाराचे दिवस, हुंड्यांच्या मुदती, सणवार सगळेच दुहेरी झाले आणि कागदपत्रांवर दोन तारखा एकीवर एक लिहिण्याची पद्धत पडली. 1613 च्या सभेत सम्राट माथियास याने आपल्याबरोबर राजगणिती योहानेस केप्लरला रेगेन्सबुर्गला आणले ते याच कामासाठी. केप्लर स्वतः लूथरपंथी होता. गणिताला पंथ नसतो आणि नवी दिनदर्शिका चांगली आहे, असे त्याचे म्हणणे होते. ते कोणी मानले नाही. ती सभाच भांडणात संपली आणि पाच वर्षांनी ते तीस वर्षांचे युद्ध पेटले.

केप्लरचा या शहराशी संबंध येथे संपत नाही. लिंत्स सोडावे लागल्यावर त्याने 1626 मध्ये बायकामुलांना येथे ठेवले आणि ग्रहगणिताची ‘रुडॉल्फीय कोष्टके’ छापून घेण्यासाठी तो उल्मला गेला. नंतर तो सम्राटाचा सेनापती वॉलेनस्टाइन याच्या पदरी राहिला. 1630 च्या उन्हाळ्यात रेगेन्सबुर्गला जमलेल्या निर्वाचक राजांनी सम्राटावर दडपण आणून त्या बलाढ्य वॉलेनस्टाइनलाच बडतर्फ करायला लावले. केप्लरचा आश्रय डळमळला. सम्राटाच्या खजिन्याकडून त्याला सुमारे 12,000 गुल्डन येणे होते, त्यांची काही व्यवस्था लागते का हे पाहण्यासाठी तो ऐन थंडीच्या तोंडावर घोड्यावरून येथे आला, आजारी पडला आणि 15 नोव्हेंबर 1630 रोजी वारला. प्रॉटेस्टंट असल्याने त्याला तटाबाहेरच्या दफनभूमीत पुरले. युद्धात ती दफनभूमीही नष्ट झाली, आणि ग्रहांच्या कक्षा ज्याने नेमक्या सांगितल्या त्याची कबर नेमकी कोठे होती हे आज सांगता येत नाही.

दिनदर्शिकेचा प्रश्न मात्र सभेच्या दप्तरात राहिला. येना येथील गणिती एरहार्ड वाइगेल याने त्यासाठी रेगेन्सबुर्गमध्ये प्रॉटेस्टंट वकिलांचे उंबरे झिजवले. तो मार्च 1699 मध्ये वारला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रॉटेस्टंट अंगाने ठराव केला की 1700 सालच्या 18 फेब्रुवारीनंतर थेट 1 मार्च धरावा. यातील खुबी पाहण्यासारखी आहे. पोपची दिनदर्शिका स्वीकारली असे म्हणायचे नव्हते, म्हणून तिला ‘सुधारित’ असे वेगळे नाव दिले गेले, आणि ईस्टरची तारीख पोपच्या कोष्टकांवरून न काढता प्रत्यक्ष खगोलगणिताने काढायची ठरली. त्या गणितासाठी आधार घेतला तो केप्लरच्या रुडॉल्फीय कोष्टकांचा. ज्या शहरात त्याचे म्हणणे धुडकावले गेले, त्याच शहरात 86 वर्षांनी त्याच्या आकड्यांवर एकमत झाले. तोडगा परिपूर्ण नव्हता. 1724 मध्ये प्रॉटेस्टंटांचा ईस्टर 9 एप्रिलला आणि कॅथलिकांचा 16 एप्रिलला आला, म्हणजे रेगेन्सबुर्गसारख्या दुहेरी शहरात एका चर्चमध्ये पुनरुत्थानाचा आनंद चालू असताना दुसरीकडे उपवास चालू होते. 1744 मध्येही तसेच झाले. अखेर 1775 मध्ये प्रॉटेस्टंट अंगाने हाही फरक मिटवला आणि साम्राज्यात सर्वांची दिनदर्शिका एक झाली. केप्लरच्या 1613 मधील रदबदलीपासून मोजले तर 162 वर्षे लागली. याला गुऱ्हाळ म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, युद्धानंतरच्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नावरून कोणी कोणावर सैन्य पाठवले नाही.

सभेची सगळीच कामे एवढी सुटसुटीत नव्हती. 1681 मध्ये साम्राज्याच्या सैन्याची विभागवार उभारणी ठरली. 1731 मध्ये कारागीर संघांविषयी कायदा झाला. हाताखालच्या कारागिरांच्या बंडखोरीला वेसण घालणे हा त्याचा मुख्य हेतू होता, पण त्याच कायद्यात रात्रीचे पहारेकरी, कबर खोदणारे, रस्ते झाडणारे, मेंढपाळ अशा ‘हीन’ मानल्या गेलेल्या लोकांच्या मुलांना धंदा शिकण्यापासून रोखू नये, असेही म्हटले होते. जनावरांची कातडी सोलणाऱ्यांना मात्र त्यातून वगळले गेले. अंमलबजावणी ज्या त्या संस्थानाच्या हाती असल्याने कोठे ती झाली आणि कोठे कागदावरच राहिली. दुबळेपणा येथे होता, बोलण्यात नव्हता. शिवाय ज्या टाउन हॉलच्या वरच्या मजल्यावर हे सगळे चाले, त्याच्याच तळघरात नगराच्या न्यायालयाची यातनागृहे होती आणि ती आजही जशीच्या तशी दाखवली जातात. नियमांचे छत्र वरच्या मजल्यापुरते होते, हे मान्य केलेच पाहिजे.

आणि हेही मान्य केले पाहिजे की, अखेरीस त्याच सभेने दुबळ्यांना गिळण्याच्या व्यवहारावर शिक्कामोर्तब केले. ऱ्हाइनच्या डाव्या तीरावरचा प्रदेश फ्रान्सने घेतल्यावर ज्या राजांचे नुकसान झाले, त्यांना भरपाई कोठून द्यायची हा प्रश्न होता. 25 फेब्रुवारी 1803 रोजी रेगेन्सबुर्ग येथील समितीने जो निर्णय दिला, त्याने धर्माध्यक्षांची जवळजवळ सर्व संस्थाने खालसा झाली, पन्नासच्या आसपास मुक्त नगरांपैकी फक्त सहा उरली आणि तीस लाखांवर प्रजेचे धनी बदलले. रेगेन्सबुर्ग त्या सहांत नव्हते. यजमान नगरच पाहुण्यांनी वाटून टाकले आणि ते माइन्त्सला मुकलेल्या आर्चबिशप डालबेर्गच्या पदरात पडले. 1 ऑगस्ट 1806 रोजी नेपोलियनच्या बाजूच्या संस्थानांनी साम्राज्यातून बाहेर पडत असल्याचे येथेच जाहीर केले, आणि 6 ऑगस्टला सम्राट दुसरा फ्रान्सिस याने मुकुट उतरवला. डालबेर्गविषयी इतिहासकार फारसे चांगले बोलत नाहीत, पण केप्लरचे स्मारक 1808 मध्ये त्याच्याच अमदानीत उभे राहिले, एवढे त्याच्या खाती जमा धरायला हरकत नसावी. 23 एप्रिल 1809 रोजी नेपोलियनच्या सैन्याने ऑस्ट्रियनांकडून शहर घेताना तोफा डागल्या आणि एक मोठा भाग जळाला. खुद्द नेपोलियनच्या पायाला गोळी चाटून गेली. 1810 मध्ये बव्हेरियाने शहर ताब्यात घेतले आणि सम्राटांच्या प्रतिनिधींचे गाव एका राज्यातले प्रांतिक गाव झाले.

आता महायुद्धाच्या ‘झळे’विषयी. शहराच्या पश्चिमेला मेसरश्मिटचा विमान कारखाना होता. 17 ऑगस्ट 1943 रोजी अमेरिकन बॉम्बफेकी विमानांनी श्वाइनफुर्टबरोबरच त्यावरही हल्ला केला. त्यात सुमारे 400 माणसे मारली गेली. पुढेही हल्ले होत राहिले. जे तीन मठ वर सांगितले, त्यांपैकी ओबरम्युन्स्टरचे चर्च मार्च 1945 मध्ये बॉम्बने कोसळले. त्याआधी, 1938 च्या नोव्हेंबरमध्ये, 1912 साली बांधलेले सिनेगॉग जाळले गेले होते आणि दुसऱ्या दिवशी ज्यू पुरुषांची रस्त्यांतून धिंड काढली गेली होती. युद्धाच्या शेवटच्या आठवड्यांत पुलापलीकडच्या श्टाटआमहोफ येथे फ्लोसेनब्युर्ग छळछावणीची उपछावणी होती. तेथील सुमारे 400 कैद्यांना मोडलेले लोहमार्ग दुरुस्त करण्यासाठी रोज त्याच दगडी पुलावरून नेले जाई. 23 एप्रिल 1945 रोजी शहर लढाईविना अमेरिकनांच्या स्वाधीन करावे म्हणून नागरिक जमले. त्यांच्यासमोर बोलणारे कॅथीड्रलचे प्रवचनकार योहान मायर यांना पकडून दुसऱ्या दिवशी पहाटे फाशी देण्यात आले. त्याच सुमारास माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पुलाचा काही भाग उडवला. तीन दिवसांनी शहर लढाईविना ताब्यात गेले, म्हणजे मायर यांनी जे मागितले होते तेच झाले. जुने गाव बहुतांशी वाचले हे खरे, पण त्याला ‘झळ लागली नाही’ म्हणणे मृतांवर अन्यायाचे आहे.

जुने गाव मुळात उरले कशामुळे, याचेही उत्तर लेखात ‘जतनाची परंपरा’ असे दिले आहे. माझ्या मते ते दारिद्र्यामुळे उरले. मध्ययुगातील व्यापाऱ्यांचे उंच मनोऱ्यांचे वाडे पाडून नवे बांधण्याइतका पैसा पुढच्या शतकांत नगराकडे कधी आलाच नाही. सभेच्या काळात पैसा आला तो वकिलातींच्या भाड्यातून, आणि 1810 नंतर तोही आटला. कॅथीड्रलच्या मनोऱ्यांवरचे कळस तर तेराव्या शतकात सुरू झालेल्या कामाचे असून चढले एकोणिसाव्या शतकात. खरा धोका निर्माण झाला तो विसाव्या शतकात, पैसा आल्यावर. जुन्या वस्तीतून रुंद रस्ते काढण्याच्या योजना तयार होत्या. नागरिकांनी विरोध केला, 1973 मध्ये बव्हेरियात वारसा वास्तूंचा कायदा झाला आणि योजना मागे पडल्या. पुलावरून मोटारी 1997 मध्ये आणि बसगाड्या 2008 मध्ये बंद झाल्या. 2006 मध्ये युनेस्कोने जुने गाव आणि श्टाटआमहोफ यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पुलाची मोठी दुरुस्ती 2010 मध्ये सुरू होऊन 2018 मध्ये संपली, आणि 2019 मध्ये जळलेल्या सिनेगॉगच्या जागेवर नवे सिनेगॉग उघडले.

तेव्हा आपल्या पुरवणीच्या पुढील अंकात निदान दोन दुरुस्त्या छापाव्यात, अशी विनंती आहे. महायुद्धाविषयीचे वाक्य काढून तेथे 17 ऑगस्ट 1943 च्या हल्ल्याची आणि योहान मायर यांच्या फाशीची नोंद द्यावी. आणि साम्राज्यसभेच्या वाक्यात जागा नसेल तर ‘केवळ’ हा शब्द तरी गाळावा.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक